क्रॉलर ट्रॅक्टरची तुटलेली रिकॉइल स्प्रिंग: आधी दाब कुठे अडकलाय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९५०च्या दशकातला क्रॉलर (चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारा) ट्रॅक्टर, चेन ताणायला जुना आट्यांचा स्क्रू. डावी चेन सारखी ढिली पडते आणि मागे घेताना वळवलं की स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या मागच्या दातेरी चाकाचे) दात सोडून कडाकड उड्या मारते. झाकण काढून पाहिलं तर आतली जाड रिकॉइल स्प्रिंग मधोमध तुटलेली दिसली. ओळखीच्या फिटरने सल्ला दिला, "तुटलेलीच आहे, आता तिच्यात काय राहिलंय? मधला बोल्ट गॅसने काप, नवी घाल, लांब आट्याचा रॉड लावून आवळ." हे घरच्या शेडमध्ये जमेल का, आणि तीच स्प्रिंग मिळाली नाही तर दुसऱ्या यंत्राची चालेल का, असं विचारलंय.

तो बोल्ट कापू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका.

तुम्ही विचारलंय स्प्रिंग बदलण्याबद्दल, पण बदलणं हा यातला सोपा भाग आहे. घाम फुटतो तो जुन्या स्प्रिंगमध्ये कोंडलेला दाब सावकाश बाहेर काढताना आणि नवीत तेवढाच दाब परत कोंडताना. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी एकाच गोष्टीचा छडा लावायचा: या घडीला तो दाब कोणी धरून ठेवलाय? बोल्टने, फ्रेमच्या ठोकळ्याने, की खुद्द चेनने? तिन्हींची कामाची रीत वेगळी आहे.

काही गोष्टी यंत्रावर अवलंबून आहेत हेही कबूल करतो. त्या काळातली यंत्रं वरवर सारखी दिसतात, कॅटरपिलरचा डी२ (तो १९३८ ते १९५७ या काळात बनत होता) घ्या, डी४ घ्या नाहीतर इंटरनॅशनलचा टीडी-९. पण आतली मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि एकाच मॉडेलमध्ये सीरिअल नंबरनुसारही बदललेली असते. तुमच्या सीरिअल नंबरचं सर्व्हिस पुस्तक मिळालं तर माझ्या शब्दापेक्षा त्याचा शब्द प्रमाण माना. मी सांगतोय ते बोल्टने आवळून ठेवलेल्या स्प्रिंगबद्दल, कारण तुमच्या वर्णनावरून तुमची तशीच दिसते.

ही स्प्रिंग नेमकं काय करते याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. ती चेन ताणून धरते असं वाटतं. तसं नाही. चेनचा रोजचा ताण स्क्रूने ठरतो. स्प्रिंग कारखान्यातच कित्येक टन दाबून बोल्टने बांधलेली असते आणि साध्या चालीत ती हलतसुद्धा नाही, आयडलरच्या (चेन ज्याला वळसा घालते त्या पुढच्या चाकाच्या) मागे भिंतीसारखी उभी असते. स्प्रॉकेटच्या दातात धोंडा अडकला, चिखल दाटून चेनला लांबी पुरेनाशी झाली किंवा आयडलर खडकावर आदळला, की ही भिंत काही मिलिमीटर मागे सरते. ती सरली नाही तर तेवढ्या झटक्यात चेनची पिन, बुश (पिनेवरची नळी), आयडलरचं बेअरिंग नाहीतर फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारे शेवटचे गिअर), यातलं काहीतरी तुटेल. एका अर्थी ती चेनचा फ्यूज आहे, फक्त न जळणारा.

आता तुमची चेन मागे घेतानाच का उडते ते बघा. ट्रॅक्टर पुढे जातो तेव्हा मागचा स्प्रॉकेट चेनचा खालचा, जमिनीवरचा भाग ओढतो. आयडलरवर फारसा भार येत नाही. मागे घेताना उलटं होतं. स्प्रॉकेट वरची चेन ओढतो, तो ताण आयडलरला वळसा घालून जमिनीपर्यंत पोचतो. आयडलरला वरून एक आणि खालून एक अशा दोन ओढी बसतात, म्हणजे चेनच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट भार. स्प्रिंग धड असेल तर हा भार पेलते. अधू असेल तर आयडलर मागे सरतो, सुटलेली ढील स्प्रॉकेटच्या खालच्या अंगाला गोळा होते आणि दात बुश सोडून पुढच्या बुशवर चढतो. तो कडाका त्याचाच.

तरीही एकदा खात्री करा. तुटलेली स्प्रिंग डोळ्यांनी दिसली म्हणजे दोष तेवढाच, असं नसतं. ट्रॅक फ्रेमवर आणि आयडलरच्या योकवर (आयडलरला धरणाऱ्या फाट्यावर) समोरासमोर खडूने एक-एक रेघ मारा. सपाट जागी ट्रॅक्टर हळू पुढे न्या, थांबवा, मग हळू मागे घ्या. एक माणूस लांब उभा राहून रेघा बघेल. धड बाजूला त्या जवळजवळ जागेवर राहतात. तुटक्या बाजूला योक पुढे-मागे ये-जा करताना दिसतो. दोन्ही बाजूंना हे करून तुलना करा. रेघा हलत नसतील आणि तरी चेन दात सोडत असेल, तर झिजलेला स्प्रॉकेट, लांबलेली चेन किंवा वाकडा बसलेला आयडलर याकडे वळा. चेन लांबलीय का हे पाहायला ती ताणून धरून चार-पाच कड्यांचं पिन ते पिन अंतर मोजा आणि पुस्तकातल्या नव्या मापाशी ताडून बघा. चेनच संपली असेल तर नव्या स्प्रिंगवर खर्च करून दात सोडणं थांबणार नाही.

आता फिटरच्या म्हणण्याकडे येतो: तुटलीय, तिच्यात काय राहिलंय? यावर तोंडी वाद घालण्यापेक्षा हिशोब मांडतो. माझे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या स्प्रिंगची मापं वेगळी निघतील, पण अंदाज याच वर्गातला येईल. तारेची जाडी ३८ मिलिमीटर, वेढ्यांचा सरासरी व्यास १५० मिलिमीटर, काम करणारे वेढे १०. अशा स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला सुमारे ६१० न्यूटन बळ लागतं. मोकळी लांबी ६२० आणि बांधलेली ५२० धरली तर १०० मिलिमीटर दाबलेली, म्हणजे ६१,००० न्यूटन, सव्वासहा टनांच्या जवळपास. तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ३,००० जूल. तीनशे किलोचा ठोकळा एक मीटरवरून पडावा तेवढी. स्प्रिंगचं स्वतःचं वजन पन्नासेक किलो. ही सगळी ऊर्जा तिच्याच अंगी आली तर ती ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने सुटेल. आणि ती नट किंवा बोल्टाच्या तुकड्यासारख्या हलक्या वस्तूला मिळाली तर वेग किती होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता ही मधोमध तुटली. तुटलेली टोकं एकमेकांच्या अंगावरून स्क्रूसारखी सरकतात आणि साधारण एका वेढ्याएवढी लांबी जाते, आपल्या नमुन्यात ५० मिलिमीटर. दाब निम्मा झाला. पण निम्मा म्हणजे तीन टन! ऊर्जा चौथा हिस्सा उरली तरी बोल्टावर तीन टन ओढ आहेच, आणि शिवाय दोन तुकडे एकमेकांत तिरके अडकलेले आहेत. अखंड स्प्रिंग निदान सरळ रेषेत सुटते. तुटकी बाजूला कुठे उसळेल ते सांगता येत नाही. म्हणून मला नव्या स्प्रिंगपेक्षा तुटकीची जास्त धास्ती वाटते.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका शेडमध्ये हेच काम चाललं होतं. स्प्रिंगला दोन पदरी साखळी गुंडाळलेली, सगळे निर्धास्त. गॅसने बोल्ट अर्धा कापला आणि उरलेला अर्धा स्वतःच तुटला. साखळीची एक कडी उघडून छपराच्या पत्र्यातून आरपार गेली. माणसं वाचली, कारण कापणारा नशिबाने बाजूला बसला होता. तेव्हापासून साखळी गुंडाळणं याला मी बंदोबस्त मानत नाही. साखळी फार तर स्प्रिंगला अडवेल, पण तिच्या तुकड्यांना कोण अडवणार?

आता कामाची गोष्ट. नवी स्प्रिंग हाताशी आल्याशिवाय जुनी सोडायला घेऊ नका. कारण साधं आहे. जुनीची मोकळी लांबी तुम्हाला माहीत नाही, नवी मात्र मोकळीच समोर पडलेली असते. ती मोजली की जुनीत किती मिलिमीटर दाब कोंडलाय हे कळतं. तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढ्यांची संख्या दोन्हींची जुळते का तेवढं आधी बघा.

मग बोल्टाचे आटे मोजा. नट मागे फिरवत गेलात तर बोल्टावरून निसटण्याआधी तो किती मिलिमीटर सरकू शकतो? नटाबाहेर दिसणारे आटे आणि नटाची स्वतःची जाडी मिळवा, त्यातून शेवटचे चार-पाच आटे वजा करा, कारण एवढ्या भाराखाली शेवटचे आटे आधीच ओरबाडून निघतात. आलेली लांबी, स्प्रिंग जितके मिलिमीटर दाबलेली आहे त्यापेक्षा जास्त असेल, तर बनवणाऱ्याने नट सोडूनच स्प्रिंग मोकळी करण्याची सोय ठेवलेली आहे. कमी असेल तर नट सोडणं आणि बोल्ट कापणं यात मला फारसा फरक दिसत नाही. आपल्या नमुन्यात नट ४० मिलिमीटर फिरून निसटला तर ६० मिलिमीटर दाब शिल्लक आहे, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त भार असताना नट हवेत. अशी मांडणी केवळ प्रेसवरच सोडायची.

बोल्टाची सोय असली तरी मी ती क्वचितच वापरतो. साठ-सत्तर वर्षांचे आटे गंजलेले असतात, नट अर्ध्यात रुततो, मग माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो. बोल्ट मुळात ताणलेला, त्यात हा पीळ. तुटायला याहून चांगला मुहूर्त नाही.

एक तिसरी शक्यता राहिली, आणि माझ्या मते ती सगळ्यात फसवी. कधी स्प्रिंग धड असते आणि आतला बोल्ट तुटलेला असतो. तेव्हा स्प्रिंग पसरते आणि योकमार्फत सगळा दाब थेट चेनवर टाकते. आता दाब चेनने धरलाय. बाहेरून दिसतं काय, तर चेन तबल्यासारखी ताणलेली आणि स्क्रू मागे घेतला तरी ढिली न होणारी, कारण तुम्ही जितकं सोडता तितकी स्प्रिंग पसरून भरून काढते. अशा वेळी मास्टर पिन (चेनची दोन टोकं जोडणारी पिन) ठोकून काढली तर आयडलर अख्खा पुढे उसळतो. तुमची चेन ढिली आहे, तेव्हा हे प्रकरण बहुधा तुमचं नाही. पण उजव्या बाजूची चेन कारण नसताना घट्ट वाटत असेल तर तिला हात लावण्याआधी हा परिच्छेद आठवा.

बाहेर काढण्याचा क्रम फार अवघड नाही. ट्रॅक्टर कठीण सपाट जागी, चाकांना, म्हणजे आपल्या बाबतीत चेनला, पुढून-मागून ठोकळे. ताणाचा स्क्रू पूर्ण मागे. चेन खरंच सैल झाली का ते पहारीने उचलून बघा. मास्टर पिन ओळखायला तिच्या टोकाला खळगा किंवा वेगळी खूण असते. ती आयडलरच्या पुढे, हाताला येईल अशी आणा. शक्यतो पिन-प्रेसने काढा. घणाने काढायची वेळ आली तर डोळ्यांवर चष्मा आणि समोर कोणी नाही. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपची उडते आणि ती गोळीसारखी लागते. चेन तोडल्यावर वरचा भाग स्वतःच्या वजनाने मागे घसरत जातो, तो आधीच बांधून ठेवा. मग आयडलर योकसकट पुढे ओढा आणि स्प्रिंग-बोल्ट-टोप्या हा जुडगा न सोडता आहे तसाच उचलून बाहेर काढा. उचलताना त्याच्या दोन्ही टोकांसमोर कुणाचं अंग येऊ देऊ नका. नेतानाही टोकं माणसांकडे नकोत.

ज्यांच्या यंत्राला ग्रीसचा अ‍ॅडजस्टर आहे (१९६०च्या दशकात हे रूढ होत गेले) त्यांच्यासाठी एवढंच: ग्रीस सोडायचा व्हॉल्व्ह एक आटा सैल करा आणि बाजूला उभे राहा. ग्रीस आलं नाही म्हणून व्हॉल्व्ह आणखी उघडत जाऊ नका, वाकून आत बघूही नका. आणि बंद सिलिंडरला गॅसची आच कधीच दाखवू नका, आतलं ग्रीस तापलं की सिलिंडर फुटतो.

इथवर तुम्ही घरच्या शेडमध्ये करू शकता. जुडगा बाहेर आला की मात्र माझं स्पष्ट मत आहे: तो चेन आणि आयडलरची कामं करणाऱ्या, मोठी प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. नेण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा. प्रेस किती टनांची? माझ्या हिशोबाने बांधलेल्या दाबाच्या निदान दीडपट ते दुप्पट. तिचा दांडा एका दमात किती सरकतो? मोकळ्या लांबीपासून बांधलेल्या लांबीच्याही थोडं आत जाईल इतका हवा, मध्ये ठोकळे बदलावे लागता कामा नयेत. आणि पिंजरा आहे का? पिंजरा म्हणजे जाड भिंतीचा पाइप किंवा चार भक्कम दांड्यांनी जोडलेल्या दोन जाड प्लेटा, ज्यातून नटापर्यंत पाना जाईल पण नट बाहेर येणार नाही.

यात एक बारीक मुद्दा आहे. लांबी व्यासाच्या चौपटीच्या वर गेली की स्प्रिंग दाबताना पोटातून बाजूला फुगते, लांब काठी टोकांनी दाबली की वाकते तशी. आपल्या नमुन्यात ६२० भागिले १५०, म्हणजे चौपटीला स्पर्श झालाच. म्हणून आतून पाइप किंवा बाहेरून मार्गदर्शक नसलेल्या उघड्या प्रेसवर ती ठेवायची नाही. लांब आट्याच्या रॉडने आवळायचा तुमच्या फिटरचा उपाय इथेच गळतो. बाजारातला साधा रॉड सहा टनांची ओढ आणि वरून पान्याचा पीळ सहन करेल याची हमी कोण देणार, आणि स्प्रिंग कलली की तो रॉड वाकायला लागतो.

जुना नट गंजून बसलेला असेल तर प्रेसवर स्प्रिंग थोडी आणखी दाबा. नटावरचा भार गेला की निम्म्या वेळा तो हाताने फिरतो. नाहीच फिरला तर आता कापायला हरकत नाही, कारण दाब बोल्टाने नव्हे, प्रेसने धरलाय. आच स्प्रिंगच्या वेढ्यांना लागू द्यायची नाही, आणि ती परत वापरायची असेल तर अजिबातच नाही. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणी आचेने उतरतं आणि तेवढा एक वेढा मऊ पडतो. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंगने जोडायचा विचारही याच कारणासाठी सोडा. सांधा दिसायला छान होतो, पण त्याच्या शेजारी नवी तडक जाते.

दुसऱ्या यंत्राची स्प्रिंग चालेल का? चालू शकते, पण नुसती आत बसली म्हणून नव्हे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी मापं तीच ठेवून ३८ऐवजी ४० मिलिमीटरची तार आली तर स्प्रिंग २३ टक्के कडक होते. हाताला तो दोन मिलिमीटरचा फरक जाणवणारही नाही. उलट गंजाने तार सगळीकडे एक मिलिमीटर झिजली तर दहा टक्के ताकद गेली. म्हणून भंगारातल्या यंत्राची स्प्रिंग घेताना व्हर्निअरने तीन-चार जागी जाडी मोजा, वेढे मोजा, मोकळी लांबी मोजा. शिवाय सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर लांबी किती होते, तेही काढा. बांधलेली लांबी आणि ही पूर्ण मिटलेली लांबी यांच्यातलं अंतर म्हणजे आयडलरला मागे सरायला मिळणारी जागा. आमच्या नमुन्यात १२ वेढे (काम करणारे १० आणि टोकांचे दोन) गुणिले ३८, म्हणजे ४५६. बांधलेली ५२०. जागा ६४ मिलिमीटर. जाड तारेची स्प्रिंग घालून ही जागा वीसवर आणली तर ट्रॅक्टर चालेल, चेन घट्टही राहील, आणि पहिल्या मोठ्या धोंड्याला दुसरंच काहीतरी तुटेल.

बसलेल्या, म्हणजे आखूड झालेल्या पण न तुटलेल्या स्प्रिंगमागे चकती घालून दाब परत आणायची जुनी युक्ती आहे. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत मी ती केलेली आहे, जागेचा हिशोब करून. त्याहून जास्त चकती लागत असेल तर स्प्रिंगचं आयुष्य संपलंय. नवी करून घ्यायची असेल तर जड स्प्रिंगा गरम वळवणाऱ्याकडेच जा, आणि वळवल्यानंतर कडक करून बेताच्या आचेने ठिसूळपणा घालवणं (टेम्परिंग), पृष्ठभागावर छर्‍यांचा मारा आणि एकदा पूर्ण मिटवून सोडणं हे सगळं होणार ना, हे विचारा. शेवटची पायरी गाळली तर स्प्रिंग तुमच्या ट्रॅक्टरात जाऊन आखूड होते.

बोल्ट मात्र नवाच घाला. स्प्रिंग तुटते त्या क्षणी बोल्टाला झटका बसतो आणि आट्यांच्या मुळाशी केसाएवढी तडक राहून जाते. जुनाच वापरायचा हट्ट असेल तर रंगद्रव्याने किंवा चुंबकीय पद्धतीने तडक तपासून घ्या. नव्याला मात्र तोच दर्जा, तोच आटा. खराद्याकडून साध्या लोखंडाचा करवून घेतलेला बोल्ट मी एकदाच बघितला, तुटलेल्या अवस्थेत.

स्प्रिंग का तुटली, यावर माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: चिखल आणि पाणी. वरचं झाकण हरवलेलं असतं किंवा खालची पाणी जायची भोकं बुजलेली असतात. आत गाळ साचतो, वाळून दगड होतो. दोन वेढ्यांमध्ये असा दगड असला की तेवढे वेढे काम करत नाहीत, बाकीच्यांवर जास्तीचा भार पडतो. ओला राहिला तर गंजाचे खळगे पडतात, आणि तडक बहुधा वेढ्याच्या आतल्या अंगाला पडलेल्या खळग्यातून सुरू होते, कारण ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो. तुमची तुटलेली टोकं पुसून बघा. काठाजवळ जुना, काळपट-तांबडा पट्टा आणि बाकी चकचकीत दाणेदार भाग दिसला तर तडक बरेच महिने आत होती. दुसरं कारण चालवणाऱ्याच्या हातात असतं: चेन फार घट्ट ठेवणं आणि भार घेऊन मागे जोरात पळवणं. मागे घेताना आयडलरवर दुप्पट ओढ येते हे वर आलंच आहे.

जोडणीत एक गोष्ट लक्षात ठेवा. बोल्टाचा नट जोराने नाही, मोजमापाने आवळायचा असतो. पुस्तकात बांधलेली लांबी दिलेली असते, तिथे नट आणायचा आणि कुलूप-पट्टी किंवा पिन लावायची. आट्यांना, स्क्रूला आणि योक सरकतो त्या पट्ट्यांना भरपूर ग्रीस. योक हाताने ढकलून सरकतो का बघा. तो गंजून फ्रेममध्ये रुतला असेल तर नवी स्प्रिंग असून नसल्यासारखी. झाकण नसेल तर पत्र्याचं करून घ्या, पण खालची भोकं उघडी ठेवा.

चेन जोडल्यावर ट्रॅक्टर थोडा पुढे न्या आणि ब्रेक न लावता आपोआप थांबू द्या, म्हणजे ढील वर येते. कॅरिअर रोलर (वरची चेन पेलणारा रोलर) आणि आयडलर यांवर सरळ पट्टी ठेवून मधला झोळ मोजा. या आकाराच्या जुन्या यंत्रांना साधारण २५ ते ४० मिलिमीटर झोळ लागतो, नेमका आकडा पुस्तकातून घ्या. तासभर काम करून परत मोजा. मग परत खडूच्या रेघा मारून मागे घेऊन बघा.

उजव्या बाजूची स्प्रिंगही बदलायची का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. वय तेच, चिखल तोच, म्हणून निदान झाकण काढून गाळ खरवडा, वेढ्यांमधल्या फटी सारख्या आहेत का बघा आणि बांधलेली लांबी मोजा. सगळं ठीक असेल तर मी ती उघडत नाही. न तुटलेल्या स्प्रिंगला उगाच हात लावणं मला पटत नाही.

आता नवी स्प्रिंग आली की तिची मोकळी लांबी, जुनीची बांधलेली लांबी आणि नटाबाहेर दिसणारे आटे, हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये लिहून कळवा. नट सोडून काम होईल की थेट प्रेसच गाठायची, ते त्यावरून सांगतो. तोवर ट्रॅक्टर उभा असू दे आणि झाकण जागेवर.